प्रयोग ओळखा



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मागच्या वेळी कुरडयांच्या चिकावर लिहिलं होतं आणि तुम्ही सगळ्यांनी आपापल्या आजीच्या आठवणी कळवल्या होत्या. आजचं लिखाण तसं नाही, वाचताना थोडं जड जाईल. माझं लिहिलेलं माहेरची, सासरची आणि लेकीच्या सासरचीही माणसं वाचतात, म्हणून आधीच सांगते, की हे मी माझ्या लेकीला आणि दादाला वाचून दाखवलंय. दोघांनीही "लिही" म्हटलं. त्यानंतरच इथे टाकते आहे.

निमित्त झालं नातीचं. ती नववीत आहे. परीक्षा जवळ आली की मराठीचं व्याकरण घेऊन आजीकडे येते. परवा आम्ही 'प्रयोग ओळखा' करत बसलो होतो. "रामाने रावणास मारले," ती म्हणाली, "भावे प्रयोग. कारण क्रियापद कर्त्याप्रमाणेही बदलत नाही आणि कर्माप्रमाणेही बदलत नाही. बरोबर ना आजी?" बरोबर होतं. बावीस वर्षं मी हेच वाक्य फळ्यावर लिहीत आले. मराठीच्या प्रत्येक बाईंनी लिहिलेलं असतं!

मग ती कंटाळली आणि माझा हात हातात घेऊन बसली. माझ्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला बंद्या रुपयाएवढा डाग आहे. "हा कसला गं?" तिने विचारलं. मी नेहमीचं उत्तर दिलं, "हात भाजला होता."

ती हसून म्हणाली, "हात भाजला. कर्ता हात. कर्तरी प्रयोग!"

मीही हसले. तिला शाबासकी दिली, लाडू दिला. पण रात्री झोप लागेना. चाळीस वर्षं मी हे वाक्य म्हणते आहे आणि व्याकरणात ते अगदी शुद्ध आहे. हात हाच कर्ता, तो आपला आपण भाजला, वाक्यात दुसरं माणूसच नाही! खरं तर तिथे दुसरं माणूस होतं.

*

मी १९७२ साली मराठी घेऊन बी.ए. झाले. दुष्काळाचं साल. आमच्याकडे लोक मिलोच्या लाल भाकरी खात होते, बायाबापे खडी फोडायला जात होते. पुढच्या मे महिन्यात वडिलांनी कर्ज काढून माझं लग्न लावलं. ते कर्ज फिटायला सात वर्षं लागली. हे मुद्दाम सांगते, कारण 'तू लगेच परत का नाही आलीस?' असं मला पुढे अनेकींनी विचारलं. ज्या घराने आपल्यासाठी कर्ज काढलं त्या घराची पायरी परत कशी चढायची, हे त्याचं पहिलं उत्तर. बाकीची उत्तरं त्यानंतरची.

ते चांगल्या नोकरीत होते. दारूला कधी शिवले नाहीत. गावात मान होता, गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब त्यांच्याकडे असे आणि एक पैसा इकडचा तिकडे होत नसे. हेही मुद्दाम सांगते. मारणारा नवरा म्हटला की लोकांच्या डोळ्यापुढे झिंगत घरी येणारा माणूस उभा राहतो. आमच्याकडे सगळं शुद्धीत होतं.

पहिली वेळ १९७५ ची, लेक आठ महिन्यांची होती. मी लहान मुलांसाठी एक गोष्ट लिहून एका मासिकाला पाठवली होती. तेव्हा नापसंत लिखाण 'साभार परत' येत असे. तसं ते आलं आणि नेमकं त्यांच्या हातात पडलं. पाकिटावर माझं माहेरचं नाव होतं. बी.ए.च्या प्रमाणपत्रावर तेच होतं, म्हणून मी तेच घातलं होतं, त्यात दुसरा विचार नव्हता. "माझं नाव घ्यायची लाज वाटते का?" असं विचारून त्यांनी माझा हात पिरगळला. कागद फाडले नाहीत. मलाच चुलीत घालायला लावले.

त्यानंतर मी लिहिलं ते फक्त दुधाचं!

स्वयंपाकघरात कॅलेंडर असायचं. त्याच्या चौकटीत रोजचं दूध लिहायचं, एक शेर, दीड शेर, म्हशीचं आटलं तर भोपळा. एके दिवशी मी दुधाच्या आकड्याखाली एक बारीक टिंब दिलं. का दिलं ते आता सांगता येणार नाही. पुन्हा तसा दिवस आला, पुन्हा टिंब दिलं. महिना उलटला की कॅलेंडरची पानं मी फडताळात डब्यांखाली अंथरायची. त्यामुळे ती जपून राहिली, कुणाला संशय आला नाही. १९८४ सालची टिंबं मी एकदा मोजली. एकेचाळीस होती.

*

आता शब्दांबद्दल सांगते, कारण तो माझा विषय.

मराठीत क्रियापदांच्या काही जोड्या आहेत. पडणे आणि पाडणे. फुटणे आणि फोडणे. तुटणे आणि तोडणे. मुलांना मी सांगायची, पहिलं आपोआप होतं, दुसरं कुणीतरी करतं. आमच्या घरात बारा वर्षं फक्त पहिलं होतं. मी पडले. बांगडी फुटली. मंगळसूत्र तुटलं. डॉक्टरांनी विचारलं की "ओट्याचा कोपरा लागला". शेजारच्या काकूंनी विचारलं की "न्हाणीघरात पाय घसरला". काकूंना सगळं ऐकू जात होतं, आमच्यामध्ये एकच भिंत होती. पण मी 'पडले' म्हटलं की त्या 'जपून गं' म्हणायच्या, आणि दोघींची सुटका व्हायची.

सासूबाई एकही शब्द न बोलता हळद लावायच्या. एकदा लावता लावता म्हणाल्या, "माझ्या वेळी हळद लावायलाही कुणी नव्हतं." मला त्यांचा राग यायचा. आता तेवढा येत नाही.

माहेरी गेले नाही असं नाही. दोनदा गेले, १९७८ ला आणि १९८१ ला. आई म्हणाली, "घरोघरी मातीच्या चुली." आत्या म्हणाली, "पदरी पडलं पवित्र झालं." दादा काही बोलला नाही. तो दोन्ही वेळा माझ्याबरोबर एस.टी. स्टँडवर आला, खिडकीशी जागा धरून दिली, लेकीच्या हातात चुरमुऱ्याची पुडी दिली आणि गाडी हलेपर्यंत खाली उभा राहिला. या म्हणी मी पुढे वर्गात शिकवल्या. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' याचा अर्थ मुलं भराभर लिहायची. त्या मुठीत काय काय झाकलेलं असतं, ते त्यांना कुठून कळणार!

*

१९८५ च्या जानेवारीत त्यांनी माझं मनगट धरून तव्यावर टेकवलं. कारण सांगण्यासारखं नाही, कधीच नसायचं. लेक दारात उभी होती. मी तिला म्हटलं, "काही नाही गं, हात भाजला."

महिनाभराने तिच्या वर्गशिक्षिकांनी मला शाळेत बोलावलं. मी घाबरत गेले. बाईंनी तिची निबंधाची वही माझ्यापुढे ठेवली. पाचवीतला निबंध, 'माझी आई'. अक्षर सुरेख. लिहिलं होतं: 'माझी आई पुरणपोळी छान करते. माझ्या आईला खूप कविता पाठ आहेत. माझी आई धांदरट आहे. ती सारखी पडते.'

बाईंनी त्या शेवटच्या ओळीखाली लाल शाईने काहीही केलं नव्हतं. त्या नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. मी मनगटावर पदर ओढला. त्या म्हणाल्या, "तुम्ही बी.ए. आहात ना? बी.एड. करा." बस्स, तेवढंच. त्यांचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, त्या आता नाहीत.

मी मार खात होते तेव्हा घर सोडलं नाही. माझं खोटं माझ्या मुलीच्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरलेलं वाचलं, तेव्हा सोडलं. पुढे ती मोठी झाल्यावर मी विचारलं, "तुला तेव्हा खरंच वाटायचं का मी पडते?" ती म्हणाली, "नाही गं. मला सगळं माहीत होतं. पण आपल्या घरात असंच म्हणायचं असतं ना?"

अकरा वर्षांची पोर, मंडळी! तिने तो नियम पाठ केला होता.

*

वार्षिक परीक्षेचा निकाल लागेपर्यंत मी थांबले. मे महिन्यात लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला काढला. माझं पदवीचं प्रमाणपत्र, दोघींचे चार चार कपडे आणि फडताळातली कॅलेंडरची पानं घेऊन पुण्याची गाडी धरली. माहेरी गेले नाही. सदाशिव पेठेत एका वाड्यात माझी मावशी राहायची. विधवा, लोकांकडे पोळ्या करायची, दोन खोल्यांचा संसार. तिने काही विचारलं नाही. म्हणाली, "रडायचं तर रड. पण पाणी सात वाजता जातं, ते भरून झाल्यावर रड."

तो काळ आजच्या मुलींना कळावा म्हणून थोडं सांगते. भारतीय दंड संहितेत कलम ४९८ अ हे १९८३ साली आलं होतं. नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून होणारी क्रूरता हा त्यामुळे गुन्हा ठरला. मी घर सोडलं तेव्हा त्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं, आणि असं काही कलम आहे याचा मला पत्ताही नव्हता. पुण्यात १९८२ साली नारी समता मंच सुरू झाला होता. त्यांनी विवाहित मुलींच्या संशयास्पद मृत्यूंवर 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन करून ते महाराष्ट्रात फिरवलं होतं. त्याबद्दल मला सांगितलं ते मावशीने, आणि तिला सांगितलं ती जिथे पोळ्या करायची तिथल्या बाईंनी. माझ्यासारख्या आणखी आहेत, एवढंच त्यातून मला कळलं. पण तेवढंसुद्धा खूप होतं.

मी तक्रार केली नाही. माझ्यात तेवढं बळ नव्हतं हे प्रामाणिकपणे सांगते. घटस्फोट परस्परसंमतीने १९८८ साली झाला. ती सोय हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली होती. पोटगी मागितली नाही. तेव्हा फौजदारी कलम १२५ खाली पोटगी मिळायची तरी जास्तीत जास्त महिना ५०० रुपये. ही मर्यादा पुढे २००१ साली काढली. 'त्यांचं काही नको' असं तेव्हा मला मोठं स्वाभिमानाचं वाटलं होतं. आज वाटतं की लेकीच्या हक्काचं मी मागायला हवं होतं. तिने दोन वर्षं एकाच गणवेशावर काढली, ते माझ्या स्वाभिमानाच्या खर्चात धरायला हवं.

पाटल्या विकून बी.एड.ची फी भरली. सकाळी मावशीबरोबर पोळ्या, दुपारी कॉलेज, संध्याकाळी वाड्यातल्या मुलांच्या शिकवण्या. जून १९८७ मध्ये रजेच्या जागेवर मला शाळेत घेतलं, पुढे कायम झाले. पहिल्या पगाराचं बँकेचं पासबुक मी उशाखाली घेऊन झोपले होते. हसू नका! त्याच्यावर फक्त माझं नाव होतं आणि त्यासाठी कुणी हात पिरगळणार नव्हतं.

*

आता लिहिण्याबद्दल.

'लिहिलं की मन मोकळं होतं, जखम भरते' असं लोक म्हणतात. कुणाचं होत असेल. माझं उलटं झालं. आधी खोली, मग पगार, मग लेकीचं शिक्षण, मग रात्री दाराची कडी वाजली तरी छातीत धस्स न होणं. हे सगळं झाल्यावर, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षांनी, मला लिहिता आलं. म्हणून कुणी अशी मुलगी भेटली की मी तिला 'डायरी लिही' असं सांगत नाही. आधी विचारते, "जायला जागा आहे का? तुझ्या नावाचं खातं आहे का? कागदपत्रं कुठे आहेत?"

शाळेत असताना मी दरवर्षी शेकडो निबंध तपासले, पण स्वतः एक ओळ लिहिली नाही. वार्षिकांकासाठी 'बाई, तुम्हीही द्या ना काहीतरी' असा आग्रह व्हायचा. पेन हातात धरलं की मनगट आखडायचं. मी हसून मुलांच्या कविता पुढे करायची.

२००९ साली निवृत्त झाले. त्या पावसाळ्यात 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतलं. लक्ष्मीबाई टिळकांचं ते आत्मचरित्र १९३४ ते ३६ या काळात प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. शाळेचं शिक्षण असं नव्हतंच. मी अठ्ठावन्न वर्षांची आणि बी.ए., बी.एड. मग मला काय धाड भरली होती? शंभर पानी वही आणली आणि लिहायला लागले.

तीन वह्या भरल्या आणि लेकीला वाचायला दिल्या. आठ दिवसांनी तिने त्या परत आणून दिल्या. बघते तर काय, लाल पेनने तपासलेल्या! शिक्षिकेची मुलगी ना. 'बांगडी फुटली' याखाली रेघ आणि समासात प्रश्न: 'फुटली की फोडली?' पुढच्या पानावर 'मी जिन्यावरून पडले', तिथे 'पडले की पाडलं?' 'मंगळसूत्र तुटलं', तिथे नुसतं प्रश्नचिन्ह. तीन वह्यांमध्ये सतरा ठिकाणी.

मी चिडले. "तुला ठाऊक आहे ना खरं काय ते, मग कशाला हवंय?" असं म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "मला ठाऊक आहे. वहीला ठाऊक नाही."

मी एकेक वाक्य पुन्हा लिहायला बसले. शब्द काय, एका अक्षराचा फरक! पण एका दिवशी दोनच्या वर वाक्यं झाली नाहीत. 'त्यांनी बांगडी फोडली' असं लिहिलं आणि उठून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. खाली भाजीवाला ओरडत होता, कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, काही कोसळलं नाही. आत येऊन पुढचं वाक्य लिहिलं.

आणखी एक भांडण झालं ते 'त्यांनी' या शब्दावरून. लेकीचं म्हणणं, अशा माणसाला आदरार्थी बहुवचन कशाला? 'तो' लिही, 'त्याने' लिही. मी दोन पानं तशी लिहून पाहिली. ती माझी वाटेनात, दुसऱ्याच कुणा बाईची वाटली. मी त्यांना कधी 'तो' म्हटलंच नव्हतं, मनातसुद्धा नाही. 'अहो' म्हणत होते, तेव्हाच मार खात होते. 'तो' लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला वाटलं असतं की ही बाई पहिल्यापासून धीट होती. नव्हते मी धीट. म्हणून 'त्यांनी' तसंच ठेवलं. लेकीला ते पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. तिचंही बरोबर आहे.

२०१३ साली ते गेले. लेक जाऊन आली, मी गेले नाही. त्या दिवशी मी काही लिहिलं नाही, दूध मात्र ऊतू गेलं. बरं वाटलं असं म्हणवत नाही, वाईट वाटलं असंही म्हणवत नाही.

*

आता दादाबद्दल. तो ऐंशीचा आहे. गेल्या भाऊबीजेला मी ओवाळून झाल्यावर वहीतलं माहेरचं प्रकरण त्याला वाचून दाखवलं. वहिनी आत काहीतरी तळत होत्या. मी लिहिलं होतं, 'दोनदा माहेरी आले आणि दोनदा परत गेले.'

दादाने हात वर केला, वर्गात करतात तसा. म्हणाला, "थांब. 'परत गेले' असं लिहू नकोस."

मला वाटलं आता म्हणेल, घरातलं बाहेर कशाला? माझ्या पोटात अजूनही गोळा आला, या वयात!

तो म्हणाला, "मी परत पाठवली, असं लिही. तू गेली नव्हतीस. मी गाडीत बसवली होती तुला. पोरीच्या हातात चुरमुऱ्याची पुडी दिली, ती मला अजून दिसते."

दोघंही गप्प बसलो. वहिनींनी करंज्या आणून ठेवल्या. मी पेन काढलं आणि त्याच्यासमोर वाक्य दुरुस्त केलं. 'दादाने मला परत पाठवलं.' त्याने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाला, "हां."

मंडळी, माफी मागायला शब्द फार लागतात असं मला वाटायचं. एक क्रियापद पुरलं. त्याने ते आपणहून मागून घेतलं, याला मात्र सत्तेचाळीस वर्षं लागली. मी रागावले होते का? होते. आता? ते वाक्य वहीत आहे. माझ्या डोक्यात ते एकटीने सांभाळावं लागत नाही.

*

थोडं कामाचं सांगून थांबते.

२००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा झाला आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. मी तेव्हा शाळेतच होते. त्यातली व्याख्या मी शिक्षकखोलीत दोनदा वाचली. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि भावनिक, आर्थिक, सगळ्याला त्यात छळच म्हटलंय. मासिकाचं पाकीट हातात धरून विचारलेला प्रश्नसुद्धा त्यात बसतो! त्या कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, मग घर कुणाच्याही नावावर असो. मी लेकीला घेऊन गाडी धरली, आज तसं घर सोडलंच पाहिजे असं नाही. संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्यामार्फत न्यायालयाकडून आदेश मिळवता येतो. जुनं ४९८ अ आता नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ म्हणून आहे, १ जुलै २०२४ पासून. आणि १८१ हा महिलांच्या मदतीचा क्रमांक आहे, तातडीचं असेल तर ११२.

तरी कायदा 'मी पडले' असं म्हणणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मार किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या बायकांपैकी सुमारे ७७ टक्के बायकांनी ना मदत मागितली होती, ना कुणाला सांगितलं होतं. चारातल्या तिघी! म्हणजे तुमच्या ओळखीत कुणी 'धांदरट' असेल, तर 'जपून गं' म्हणून पुढे जाऊ नका. पुरावा मागू नका, सल्लाही देऊ नका. माझ्या लेकीच्या बाईंनी केलं तसं नुसतं तिच्याकडे बघा आणि तिला करता येईल असं एखादं काम सांगा.

आणि नातीचं सांगायचं राहिलं. परवा ती पुन्हा आली. लेकीला विचारून मी तिला जवळ बसवलं आणि म्हटलं, "तू परवा प्रयोग ओळखलास, पण मी तुला वाक्य अर्धंच दिलं होतं. पूर्ण वाक्य असं आहे: तुझ्या आईच्या वडिलांनी माझा हात भाजला."

ती बराच वेळ काही बोलली नाही. प्रयोगही ओळखला नाही. माझं मनगट हातात घेऊन तो डाग अंगठ्याने पुसल्यासारखा करत राहिली. मग विचारलं, "तेव्हा आई कुठे होती?"

"दारात," मी म्हटलं.

त्यानंतर तिने खूप प्रश्न विचारले. मी सगळ्यांची उत्तरं दिली. एक मात्र उद्यावर ठेवलं आहे, ते मला अजून लिहून पाहायचंय.

असो. चौथी वही सुरू आहे. पुढच्या वेळी तुमचा आवडता आंब्याच्या साटांचा लेख नक्की!